अबोला म्हणजे मौन नव्हे



भांडणाच्या बाबतीत घरांचे दोन प्रकार असतात. एका घरात आवाज चढतो, भांडी आपटतात, शेजारच्या काकू खिडकीशी येऊन उभ्या राहतात आणि तासाभरात तीच माणसं एकत्र चहा पीत बसलेली असतात. दुसऱ्या घरात काहीच ऐकू येत नाही. वेळेवर स्वयंपाक होतो, ताट वाढलं जातं, फक्त वाढणारी आणि जेवणारा एकमेकांकडे पाहत नाहीत. मधे एखादं लेकरू असतं, त्याच्याकरवी निरोप जातात. "सांग तुझ्या बाबांना, विजेचं बिल भरायचंय." बाबा तीन हातांवर बसलेले असतात.

पहिल्या घराला आपण भांडखोर म्हणतो आणि दुसऱ्याला संस्कारी. "आमच्याकडे कधी कुणाचा आवाज चढत नाही" हे मुलीचं स्थळ बघताना अभिमानानं सांगितलं जातं. आपल्या जैन घरांत तर याला आणखी वजन येतं, कारण शब्दानंही कुणाला दुखवू नये हे आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. मग राग आला की वाटतं, बोलून हिंसा करण्यापेक्षा गप्प बसलेलं काय वाईट? आपण संयमच तर पाळतोय.

आज याच गप्प बसण्याबद्दल लिहायचं आहे. अबोला हा खरंच संयम असतो का?

माझ्या सासरच्या घरात एक अबोला अकरा वर्षं चालला. सासूबाई आणि त्यांची धाकटी जाऊ, म्हणजे आमच्या काकू, यांचा. सासूबाईंना विचारूनच लिहिते आहे. त्या म्हणाल्या, "लिही. कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे."

आमचं गाव कृष्णाकाठचं. जुना वाडा, एक सोपा, एक परडं, दोन भावांचा संसार. उन्हाळ्यात दोघी जावा मिळून पापड करायच्या. उडदाचं पीठ सासूबाईंनी मळायचं, काकूंनी कुटायचं, मग दोघींनी लाटायचं. वाटणी झाली तेव्हा जमिनीवरून एक शब्दही वाद झाला नाही. वाद झाला तो तांब्याच्या बंबावरून. बंब कुणाकडे गेला ते महत्त्वाचं नाही. त्या दिवशी पाहुण्यांसमोर एक वाक्य बोललं गेलं, त्याला उत्तर म्हणून दुसरं बोललं गेलं आणि दोघी गप्प झाल्या. सोप्याच्या मधोमध भिंत आली. भिंतीतून काकूंच्या खोकल्याचा आवाज यायचा, सासूबाईंच्या मिक्सरचा आवाज तिकडे जायचा, पण बोलणं मात्र नाही.

अकरा वर्षांत अकरा दसलक्षण आले आणि गेले. भाद्रपद शुद्ध पंचमीला उत्तम क्षमा धर्मावरचं प्रवचन दोघींनी एकाच बस्तीत बसून ऐकलं. अनंत चतुर्दशीनंतर, भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. सगळा गाव एकमेकांना हात जोडतो. दोघीही जोडायच्या. फक्त एकमेकींसमोर यायची वेळ आली की एक जण पिशवीत काहीतरी शोधू लागायची आणि दुसरी चप्पल.

कुणाला यात भांडण दिसलं नसतं. म्हणूनच ते इतकं टिकलं.

आता आपल्या शास्त्रांत रागाबद्दल काय सांगितलं आहे ते पाहू. दहाव्या शतकातल्या आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींच्या गोम्मटसारात क्रोधाच्या चार प्रतींना चार रेषांची उपमा दिली आहे. दगडावरची रेषा, जमिनीवरची भेग, धुळीतली रेघ आणि पाण्यावरची रेघ. पाण्यावरची रेघ काढता काढताच मिटते. धुळीतली वाऱ्यानं बुजते. जमिनीच्या भेगेला पावसाची वाट पाहावी लागते. आमच्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात हातभर फाटते आणि दोन पावसांत मिटते, त्यामुळे ही उपमा कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दगडावरची रेघ मात्र मिटत नाही.

या उपमेतली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. चारही रेषांमध्ये आवाजाचं माप कुठेही नाही. कोण किती मोठ्यानं ओरडलं, भांडं आपटलं की नाही, यावरून प्रत ठरत नाही. ती ठरते खूण किती काळ राहिली यावरून. गोम्मटसाराच्या कर्मकांडात या काळाला वासनाकाल म्हटलं आहे, म्हणजे कषायाचा संस्कार मनात मुरून राहण्याचा काळ. संज्वलनाचा वासनाकाल अंतर्मुहूर्त. मुहूर्त म्हणजे ४८ मिनिटं, अंतर्मुहूर्त त्याच्याही आतला. प्रत्याख्यानावरणाचा एक पक्ष, म्हणजे १५ दिवस. अप्रत्याख्यानावरणाचा सहा महिने. आणि त्यापुढे अनंतानुबंधी, ज्याची साखळी भवाभवांत जाते. श्वेतांबर परंपरेत ही मापं थोडी वेगळी आहेत, पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि आयुष्यभर. त्यांच्या पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांशी ही मापं कशी जुळतात ते बघा. म्हणजे कुठलाही राग पुढच्या पायरीवर चढण्याआधी त्याला गाठायची एक तारीख दिनदर्शिकेत ठेवलेली आहे.

या मापानं पाहिलं तर आरडाओरडा करून तासाभरात चहा पिणारं घर आणि शांतपणे सहा महिने न बोलणारं घर यांची जागा बदलते. ओरडणं चांगलं असं मी म्हणत नाही. कठोर बोलणं ही हिंसाच. पण शांतता दिसली म्हणजे राग नाही, असं समजण्याला शास्त्राचा आधार नाही.

इथे एक सावधगिरी हवी. हे माप स्वतःला लावायचं आहे. दुसऱ्याच्या मनात काय मुरलं आहे ते केवलीच जाणोत. "तुझा अनंतानुबंधी आहे बरं का" असं कुणाला सुनवायला लागलो, तर तो आपलाच कषाय झाला.

आता दुसऱ्या बाजूनं पाहू. अबोला ज्याच्यावर धरला जातो त्याचं काय होतं? आपल्याला वाटतं, आपण तर काहीच केलं नाही. मारलं नाही, बोललो नाही.

अमेरिकेत किपलिंग विल्यम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. ते एकदा बागेत बसले असताना त्यांच्याजवळ एक फ्रिस्बी, म्हणजे फेकाफेकीची चकती, येऊन पडली. त्यांनी ती खेळणाऱ्या दोघांकडे फेकली. त्या अनोळखी माणसांनी ती परत यांच्याकडे फेकली आणि थोडा वेळ तिघांचा खेळ रंगला. मग काही न सांगता त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. ओळख ना पाळख, तरी विल्यम्सना फार लागलं. त्यावरून त्यांनी संगणकावरचा एक साधा चेंडूचा खेळ तयार केला. खेळणाऱ्याला वाटतं, पलीकडे दोन माणसं आहेत. सुरुवातीला चेंडू त्याच्याकडे येतो, नंतर येईनासा होतो. एवढंच. पण एवढ्यानंही माणसं खिन्न होतात. विल्यम्स म्हणतात की अशा वेळी माणसाच्या चार गरजांवर एकदम घाव पडतो. आपण कुणाचे तरी आहोत ही भावना, स्वतःबद्दलचा आदर, परिस्थिती आपल्या हातात आहे हा विश्वास, आणि आपल्या असण्याला काही अर्थ आहे ही जाणीव.

२००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच खेळ मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपलेल्या माणसांना खेळायला दिला. चेंडू यायचा बंद झाल्यावर मेंदूच्या ज्या भागांत हालचाल वाढली, त्यांतला एक भाग शरीराला वेदना होतानाही जागा होतो. त्या भागाचं नेमकं काम काय, यावर शास्त्रज्ञांमध्ये पुढे वादही झाले. पण ज्या बाईनं एकाच छपराखाली आठ दिवस अबोला सोसला आहे, तिला दुखतं हे सांगायला यंत्र लागत नाही.

भांडणात निदान समोरचा आपल्याला उत्तर देण्याच्या लायकीचा समजतो. अबोल्यात तो आपण नसल्यासारखा वागतो. एकदा माझ्याशी बोलताना काकू म्हणाल्या होत्या, "आक्कांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं गं. मी पायरीवर बसलेली असायची आणि त्या पायरीवर कुणी नाहीच अशा जायच्या." अहिंसेचा विचार करताना आपण पाणी गाळतो, दिवा झाकतो, पायाखालची मुंगी पाहतो. पायरीवर बसलेलं माणूस मात्र आपल्याला दिसेनासं होऊ शकतं.

आणि अबोला धरणाऱ्याचं काय? त्याला तरी शांतता मिळते का?

ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली सहाशे विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी लिहिलेल्या निबंधावर आधी मुद्दाम अपमानकारक शेरा दिला, म्हणजे राग येईल. मग काहींना राग आणणाऱ्या माणसाचा विचार करत सरावाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितलं आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. राग बाहेर काढला की मन मोकळं होतं, असं आपण समजतो. झालं उलटं. त्या माणसाचा विचार करत ठोसे मारणारेच सगळ्यांत जास्त रागावलेले राहिले. राग वाढवत होतं ते त्या माणसाला मनात घोळवणं. अबोल्यात हात हलत नाहीत, पण घोळवणं दिवसभर चालूच असतं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, अगदी सामायिकाला बसल्यावरही. ओठ बंद आणि आत वकिली चालू.

या वकिलीत आपली बाजू रोज थोडी मजबूत होत जाते. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक साधी गोष्ट करून पाहिली होती. त्यांनी लोकांना दोन आठवणी लिहायला सांगितल्या. एक, कुणीतरी तुम्हाला राग आणला ती. दुसरी, तुम्ही कुणाला राग आणला ती. माणसं तीच, पण गोष्टींची तऱ्हा वेगळी. दुखावलेले असताना त्यांनी लिहिलं की याचे परिणाम अजून भोगतोय, समोरच्यानं ते कारण नसताना केलं. स्वतः दुखावलं होतं तेव्हा लिहिलं की तशी परिस्थितीच होती, आणि आता ते सगळं मिटलेलं आहे.

हे वाचलं तेव्हा मला आमची वाटणी आठवली. मी दोघींनाही वेगवेगळ्या वेळी विचारलं होतं, त्या दिवशी नेमकं काय झालं. सासूबाईंना काकूंचं वाक्य अक्षर न् अक्षर आठवत होतं. स्वतःचं आठवत नव्हतं. "मी काय, रागात काहीतरी बोलले असेन." काकूंना सासूबाईंचं वाक्य त्याच्या स्वरासकट आठवत होतं. आणि स्वतःचं? "मी कुठं काय बोलले?" दोघीही खोटं बोलत नव्हत्या. दोघींनीही अकरा वर्षं एकेकच वाक्य जपलं होतं, आणि ते समोरचीचं होतं. आपल्याकडे ज्याला अनेकान्त म्हणतात तो मोठ्या तत्त्वचर्चेसाठीच आहे असं नाही. बंबाच्या भांडणातही समोरचीकडे एक वाक्य आहे जे आपल्याकडे नाही, एवढं मान्य केलं तरी पुष्कळ.

मग राग आला की बोलायचंच का, लगेच? नाही. इथेच मौन आणि अबोला वेगळे होतात.

जॉन गॉटमन यांनी सिएटलमध्ये वर्षानुवर्षं नवरा-बायकोंची भांडणं बसून पाहिली, त्यांच्या नाडीचे ठोके मोजत. संसार मोडण्याकडे नेणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या. सतत दोष काढणं, तुच्छतेनं वागणं, दर वेळी स्वतःचा बचाव करणं आणि चौथी, भिंत होऊन बसणं. हे भिंत होणारे आतून थंड नसतात, असं त्यांना दिसलं. त्यांचं काळीज धडधडत असतं. ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकूही येत नाही. म्हणून त्यांचा सल्ला असा की अशा वेळी थांबा, निदान वीस मिनिटं वेगळे व्हा, त्या वेळात भांडण मनात घोळवू नका आणि मग परत या.

हे वाचून मला अंतर्मुहूर्ताची आठवण झाली. शास्त्रात आधीच हे विज्ञान होतं वगैरे मला म्हणायचं नाही. दोन्हींचा हेतू वेगळा, भाषा वेगळी. पण घरात वापरायला माप एकच मिळतं. एक मुहूर्त गप्प बसायला हरकत नाही. गप्प बसावंच.

वचनगुप्ती म्हणजे वाणीला आवर. व्रती जेवताना मौन पाळतात, तेव्हा कुणाला शिक्षा देत नसतात. मौन घेणारा आधी सांगतो, त्याला सुरुवात असते आणि शेवट असतो. त्याचं तोंड बंद असलं तरी नजर मवाळ असते, हाताच्या खुणेनं तो पाणी मागतो, दुसऱ्याला वाढायला सांगतो. अबोल्याला शेवटची वेळ नसते. तो कधी संपणार हे समोरच्याला कळू न देणं हीच तर त्यातली शिक्षा. मौनात आपण आपल्या जिभेला धरतो, अबोल्यात समोरच्याच्या गळ्याला. आणि एक साधी ओळख सांगते. मौन सुटल्यावर हलकं वाटतं. अबोला सोडायची वेळ आली की हरल्यासारखं वाटतं.

हे हरल्यासारखं वाटणं म्हणजे दुसरा कषाय, मान. माझं असं निरीक्षण आहे की लांबलेल्या अबोल्यात पहिल्या काही महिन्यांनंतर क्रोध फारसा उरत नाही. उरतो तो मान. "मीच का आधी?" विल्यम्स यांनी अबोला धरणाऱ्यांशीही बोलून पाहिलं. त्यांच्यातल्या काहींना तो सोडावासा वाटत होता पण सोडता येत नव्हता, इतकी त्याची सवय जडली होती. मग तिसरा कषायही येतो, माया. कुणी विचारलं तर आपण म्हणतो, "छे, माझ्या मनात काही नाही हो." दहा धर्मांत क्षमेनंतर मार्दव आणि मग आर्जव येतो. प्रवचनात हे तीन दिवस वेगवेगळे असतात. घरात मात्र एक अबोला सोडायला तिन्ही लागतात. राग सोडायचा, ताठा सोडायचा आणि "मला काही नाही" हे नाटकही सोडायचं.

यात सगळ्यांत जास्त भरडली जातात मुलं. माझे यजमान आणि त्यांचा चुलतभाऊ एकाच वयाचे, एकाच शाळेत. भिंत झाल्यावर त्यांना कुणीही एकमेकांशी बोलू नका असं सांगितलं नाही. पण चुलतभावाला घरी आणलं की आईचा चेहरा बदलतो, हे मुलाला कळतं. हळूहळू त्यांनी भेटणं कमी केलं. आज दोघं पन्नाशीत आहेत, चांगले बोलतात, पण तरुणपणाची ती वर्षं त्यांच्याजवळ एकत्र नाहीत. अबोला मोठ्यांनी धरला आणि फेडला मुलांनी.

तर तो सुटला कसा? कुणा पंचांनी समजूत घातली नाही की महाराजांच्या प्रवचनानं डोळ्यांतून पाणी आलं नाही. काकू मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. भिंतीपलीकडचा खोकला थांबला. सासूबाई दोनचार दिवस गप्पच होत्या, मग दूधवाल्याला विचारायला लागल्या, "तिकडचं काही कळलं का?" उन्हाळ्यात त्यांनी पापडांचा घाट घातला. गेल्या कित्येक वर्षांप्रमाणे पापड तळल्यावर लालच होत होते. त्यांनी पीठ झाकून ठेवलं, मला म्हणाल्या, "फोन लाव तिला." मी लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि सासूबाई कसलीही प्रस्तावना न करता म्हणाल्या, "अगं, माझे पापड लाल होतायत. तू पापडखार किती घालायचीस?"

क्षणभर काही आवाज नाही. मग काकू म्हणाल्या, "आक्का, तुम्ही खार आधी भाजून घेता का?" आणि वीस मिनिटं पापडखार, उडीद आणि पुण्याचं पाणी यांवर बोलणं झालं.

बंबाचा विषय त्या दिवशी निघाला नाही. आजपर्यंत निघालेला नाही. माफी कुणी मागितली नाही. आता दर आठपंधरा दिवसांनी फोन होतो. पूर्वीसारखा जिव्हाळा आहे असं म्हणणार नाही. कधी कधी सासूबाई फोन ठेवल्यावर पुटपुटतात, "तरी बोलायला नको होतं तिनं तसं." रेघ अजून आहे. पण आता ती धुळीतली वाटते.

यावरून मला एक गोष्ट पटली. आपण समजतो की आधी सगळा हिशोब मिटायला हवा, चूक कुणाची ते ठरायला हवं, मनातून राग जायला हवा, मग बोलणं सुरू होईल. क्षमेवर आयुष्यभर काम केलेले एव्हरेट वर्दिंग्टन नावाचे मानसशास्त्रज्ञ क्षमेचे दोन भाग करतात. एक निर्णयाची क्षमा, म्हणजे यापुढे मी सूड घेणार नाही, माणसाला माणसासारखं वागवीन असं ठरवणं. दुसरी भावनेची, म्हणजे आतली कटुता खरोखर विरघळणं. पहिली एका क्षणात होऊ शकते. दुसरीला वेळ लागतो. क्षमावाणीला आपण हात जोडतो तेव्हा कुणी म्हणतं, नुसती औपचारिकता आहे, मनात काही नसतं. मला तसं वाटत नाही. तो दिवस निर्णयासाठी आहे. मनाचं मन नंतर येईल, आपण दार तर उघडून ठेवू. फक्त ज्यांच्याशी रोज हसून बोलतो त्यांनाच हात जोडून घरी आलो, तर मात्र ती औपचारिकता.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण असे लेख वाचून काही मैत्रिणी स्वतःलाच दोष देत बसतात. ज्या घरात मारहाण आहे, दारू पिऊन शिवीगाळ आहे, जिथे बोललेला प्रत्येक शब्द उद्या तुमच्याविरुद्ध वापरला जातो, तिथे गप्प राहणं, लांब होणं, संबंध तोडणं हा अबोला नव्हे. तो स्वतःचा बचाव आहे आणि तो करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. क्षमा म्हणजे पुन्हा त्याच हाताखाली जाऊन उभं राहणं नव्हे. मनातलं वैर सोडता येतं आणि दार बंदही ठेवता येतं.

बाकी घरांसाठी, म्हणजे जिथे माणसं वाईट नाहीत, फक्त ताठ आहेत, चार साध्या गोष्टी सांगते.

राग आला तर गप्प बसा, पण तसं सांगून बसा. "आत्ता मला बोलता येणार नाही, संध्याकाळी बोलू" एवढं एक वाक्य अबोल्याचं मौन करून टाकतं.

मुलांकरवी निरोप पाठवू नका. राग असला तरी "बिल भरायचंय" हे स्वतः सांगा. कोरड्या आवाजात सांगितलं तरी चालेल.

पहिलं बोलणं त्या विषयावरचं नको. छोटं काहीतरी मागा. माप विचारा, वाटीभर साखर मागा, औषधाची वेळ विचारा. मागण्यात आपोआप थोडं वाकणं येतं आणि समोरच्याला देण्याचा मान मिळतो.

आणि रात्री झोपण्यापूर्वी, प्रतिक्रमणाच्या वेळी म्हणा किंवा नुसतं अंथरुणावर पडल्यावर, स्वतःला तारीख विचारा. या माणसावरचा माझा राग कधीपासूनचा आहे? तासाचा, पंधरवड्याचा, सहा महिन्यांचा? बरोबर कोण हा प्रश्न त्या वेळी बाजूला ठेवा. फक्त तारीख बघा.

यंदाच्या क्षमावाणीला अजून अवकाश आहे. तोवर तुमच्या यादीतलं एखादं नाव आठवत असेल, वाचता वाचताच आठवलं असेल, तर पर्वाची वाट कशाला पाहायची? फोन हातातच आहे.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.